बत्तीस नंबरची विहीर

कळंबच्या वाडीतल्या यशोदाबाईंच्या विहिरीला एके काळी मान होता. सोयरीक घेऊन आलेले पाहुणे आधी तिचं पाणी पीत, मग मुलीचं नाव विचारत. पुढे रहाट गेला, पंप आला, आणि समुद्राचं खारं पाणी झऱ्यांत शिरलं. आता ते पाणी केळीलासुद्धा सोसत नव्हतं. पण यशोदाबाईंनी हे वाडीबाहेर कुणाला कळू दिलं नव्हतं.

फुलपाड्याची अक्षया विद्यापीठात पाण्यावर संशोधन करत होती. तिने चाळीस विहिरींना नंबर दिले होते. दर पंधरवड्याला ती घरोघरी रिकाम्या बाटल्या ठेवून भरलेल्या घेऊन जाई. बत्तीस नंबरची बाटली यशोदाबाई गावाच्या आतल्या बाजूला जाऊन फ्रान्सिसच्या गोड्या विहिरीवर भरून आणत. या घरातून कुणाच्या हाती खारट पाणी जायचं नाही, एवढंच त्यांना ठाऊक.

त्या शनिवारी अक्षया नाचतच आली. "आजी, आजूबाजूला सगळं खारट आणि तुमची एकटी गोड! गोड पाण्याचा पट्टा इथवर येतो, असं सर म्हणतात. सोमवारी अनुदान देणारी समिती हाच नकाशा बघणार. पटला तर विद्यापीठात आमची स्वतःची प्रयोगशाळा. किती दिवस दुसऱ्यांच्या यंत्रावर पाणी तपासायचं?"

"आणि नकाशा चुकला तर?"

"मग संपलंच! म्हणतील, देशाची टंचाई हटवायला निघालेत आणि यांना विहीर मोजता येत नाही."

यशोदाबाईंनी सांगून टाकलं. "पोरी, ते पाणी फ्रान्सिसचं आहे."

अक्षया ओट्यावर बसली. "सगळ्या बाटल्या?"

"बाराच्या बारा."

कुंपणाशी कोयता मागायला आलेला फ्रान्सिस म्हणाला, "तरीच! मी म्हणतो, बाय एवढ्या लांबून माझंच पानी का नेते!"

यशोदाबाईंनी पदर खोचला. "विहिरींची यादी दे. माझ्यासारख्या आणखी असतील. तुला सांगणार नाहीत, मला सांगतील."

दोन दिवस त्या दारोदार फिरल्या. यादीतल्या रंभाने आधी "छे, काहीतरीच!" म्हणून हात झटकले. यशोदाबाईंनी स्वतःचं सांगितलं, तेव्हा ती हळूच म्हणाली, "मी टँकरचं भरते गं. नातीला बघायला येतायत. आमची विहीर नासली म्हणून बोभाटा नको." रंभा धरून अशा पाच जणी निघाल्या.

सोमवारी समिती वाडीत आली. अक्षयाने सहा विहिरींवर लाल काट मारलेला नकाशा पुढे ठेवला.

"सहा खोट्या निघाल्या," अध्यक्षांनी चष्मा काढला. "बाकीच्या खऱ्या कशावरून?"

"त्या चौतीस विहिरींवर मी स्वतः पोहरा सोडून पाणी चाखलंय, हिने लिहिलंय तसंच लागतं," यशोदाबाई म्हणाल्या. "मोजायचं काम हिचं. पण घरातली झाकलेली गोष्ट हिच्या यंत्राला कशी दिसणार? पुढच्या वेळी आम्हा बायकांना आधी सांगा, पाणी वाईट असलं तरी तेच का हवंय ते."

अध्यक्षांनी नकाशावरच्या लाल खुणांवर बोट ठेवलं. "या सहा विहिरी सहा महिने नव्याने मोजा. प्रयोगशाळेचा निर्णय त्यानंतर."

अक्षयाचा चेहरा उतरला. यशोदाबाईंनी मात्र सर्वांदेखत आपल्याच विहिरीत पोहरा सोडला, बाटली भरली आणि तिच्या हातात दिली.

"ही पहिली. तारीख घाल आणि चल, रंभाकडे ऊन चढायच्या आत पोचायचंय."