पाटीवर बारा, आत चार

मित्रांनो, मी एक जुना वर्कस्टेशन संगणक. घरगुती संगणकाला न झेपणारी कामे करण्यासाठी मला बनवले. नऊ वर्षे मी एका वास्तुविशारद बाईंकडे होतो. त्या जिने, गच्च्या, खिडक्या काढत आणि मी त्यांवर खरेखुरे वाटेल असे ऊन पाडून दाखवी. "हा कधी दगा देत नाही हं," असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पुढे त्यांची नजर अधू झाली, कार्यालय बंद झाले आणि मी जुन्या संगणकांच्या दुकानात आलो.

एका दुपारी दुकानदाराने माझे झाकण उघडले. माझा प्रोसेसर, म्हणजे माझा मेंदूच, काढून त्याने समोरच्या चकचकीत संगणकात बसवला. त्याचा दुबळा प्रोसेसर माझ्यात आला. माझ्या अंगावरची, जुन्या प्रोसेसरचे नाव आणि 'बारा कोअर' लिहिलेली पाटी मात्र त्याने तशीच ठेवली. कोअर म्हणजे प्रोसेसरचे एकाच वेळी राबणारे हात; जितके जास्त, तितके जड काम झेपते.

मग त्याने आम्हा दोघांना सुरू केले. समोरून घरघर आली आणि मी गारठलो. ती माझी घरघर होती. माझ्यात मात्र कुणी परका दबकत वावरत होता. मी कधी न मोजलेले आकडे मला सुचू लागले.

काही दिवसांनी एक मुलगी वडिलांबरोबर आली. मोडलेल्या जबड्यांचे नमुने ती संगणकावर घडवी. तिचा नमुना हाती आल्याशिवाय डॉक्टर शस्त्रक्रियेला हात घालत नसत.

"बारा कोअर! बाबा, हाच घेऊ या."

वडिलांचा जन्म घड्याळे दुरुस्त करण्यात गेलेला. ते म्हणाले, "तबकडीवर जाऊ नकोस गं. आत काय आहे ते बघ."

"अहो काका, पाटीवर लिहिलंय ना सगळं!" दुकानदार हसला.

मुलीने मला चालू करून आतली माहिती उघडली. प्रोसेसरचे नाव वेगळेच होते. कोअर चार.

"इथे तर चारच आहेत," ती हळूच म्हणाली. दुकानदाराचे हसू मावळले.

मग तिने समोरचाही तपासला. माझ्या पाटीवरचे नाव तिथे जुळले, बारा कोअर भरले. तिने त्याला एक अवघड जबडा घडवायला दिला. तासभर तो न अडखळता राबला. मी बघत होतो. तसा मीच राबत असे.

त्यांनी त्याला नेले. तो बंद होता, तरी त्याची घरघर जिना उतरत गेलेली मी ऐकली.

मित्रांनो, जुना संगणक घेताना पाटीला भुलू नका. चालू करा, प्रोसेसरचे नाव वाचा, कोअर मोजा, जड काम देऊन बघा. तुमच्या कामावर कुणाचा तरी जीव अवलंबून असेल.

मला अजून बाईंचे जिने आठवतात, त्यांवरचे ऊनही. पण ते ऊन पाडणारा तर त्या मुलीबरोबर गेला. मग आत्ता तुमच्याशी बोलतंय कोण?