बोली न लागलेली कढई

मित्रांनो, मरोळच्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कढीपत्त्याचे एक रोप उभे आहे. ते ज्या काळ्या, खडबडीत भांड्यात उभे आहे, ते भांडे म्हणजे मी. मला एकच कान आहे आणि तळाला खिळ्याने पाडलेले भोक आहे. घरातले सगळे मला कुंडी म्हणतात. पण मी जन्मले ती कढई म्हणून.

कोकणातल्या एका लोहाराने मला घडवले. आवडाबाई नावाच्या नव्या नवरीबरोबर मी बोटीने मुंबईला आले आणि पार्ल्याच्या एका कौलारू चाळीत चुलीवर बसले. आवडाबाईचा नवरा लवकर गेला. मग लग्नामुंजीच्या घरी वडे आणि घारगे तळून देऊन तिने आपल्या एकुलत्या मुलाला, सीतारामला, वाढवले. तिने एकटीने नव्हे, आम्ही दोघींनी! ती मला राखेने आणि काथ्याने घासायची, लगेच चुलीवर धरून सुकवायची आणि वरून तेलाचा हात फिरवायची. ओल्या हाताने मला कोणी शिवलेले तिला खपत नसे.

सीताराम शिकला, सरकारी कचेरीत कारकून झाला. त्याचे लग्न होऊन शकु घरात आली. शकु अंगाने बारीक आणि बोलायला कमी. तिच्या मनात काय चालले आहे, ते सासूला कळत नसे.

एकोणीसशे तीस सालचा तो उन्हाळा. त्या काळी मिठावर इंग्रज सरकारचा कर होता. समुद्र समोर, ऊन डोक्यावर, पण आपल्या हाताने चिमूटभर मीठ केले तरी तो गुन्हा ठरे. श्रीमंताला तो कर जाणवत नव्हता, पण गरिबाच्या भाकरीवर तो रोज बसत होता. म्हणून लोकांनी ठरवले, की हा कायदा सर्वांसमक्ष मोडायचा आणि त्याची शिक्षा हूं की चूं न करता भोगायची. पार्ल्यात सत्याग्रहींची छावणी पडली. बायका जुहूच्या किनाऱ्यावर जाऊन समुद्राचे पाणी उकळू लागल्या. त्यांना मोठी भांडी हवी होती.

एके सकाळी शकुने मला उचलून कडेवर घेतले आणि ती सासूसमोर उभी राहिली.

"आई, मी कढई नेते आहे. विचारत नाही, पण सांगितल्याशिवाय नेणार नाही."

आवडाबाई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "मीठ लोखंडाक खाता," एवढेच ती म्हणाली. मग एक खडा वेचून बाजूला टाकत म्हणाली, "नेलंस तर परत आणू नको."

खोटे कशाला सांगू, मित्रांनो, मला भीती वाटली होती. तेलाची सवय झालेले माझे अंग खाऱ्या पाण्याने चरचरले. पण पाणी आटत गेले आणि माझ्या तळाशी मीठ दिसू लागले. करडे, ओलसर, वाळू मिसळलेले. बायका ते बघायला गोळा झाल्या. इतकी वर्षे माझ्यात पक्वान्ने झाली, पण कोणी कधी असे टक लावून आत पाहिले नव्हते.

मग पोलीस आले. एक शिपाई शकुपुढे येऊन उभा राहिला. आपल्याकडचाच होता तो. शकुने पदर हाताला गुंडाळून माझे दोन्ही कान धरले होते.

"बाई, सोडा. मला माझी नोकरी आहे," तो हळूच म्हणाला.

"तुम्ही तुमचं काम करा," शकु म्हणाली. "मी सोडणार नाही."

त्याने लाठी मारली, ती माझ्या कानावर बसली. कान तुटून वाळूत पडला आणि उकळते पाणी शकुच्या मनगटावर उडाले. तिने हात काढला नाही. शेवटी तिला उचलूनच न्यावे लागले.

त्या धांदलीत शेजारच्या एका बाईने मला घरी आणले आणि आवडाबाईला झालेला प्रकार सांगितला. आवडाबाईने माझ्या तुटल्या जागेवरून बोट फिरवले. माझ्या तळाला अजून थोडे मीठ चिकटलेले होते. ते तिने नखाने खरवडले, जिभेवर ठेवले आणि उरलेले त्या दिवशीच्या आमटीत घातले.

शकुला काही महिन्यांची कैद झाली आणि वर दंड. दंड भरला नाही तर घरातल्या वस्तू जप्त होणार होत्या. इकडे कचेरीतल्या साहेबाने सीतारामला बोलावून दम दिला होता. बिचारा घाबरून गेला. उसने पैसे आणून दंड भरून टाकावा, असे त्याने ठरवले आणि आईला तसे सांगितले. आवडाबाई म्हणाली, "दंड भरलंस तर तिना केलां ता चुकीचां, असां आपणच म्हटल्यासारखां होयत." सीतारामने दंड भरला नाही.

जप्तीवाले आले. त्यांनी पितळी भांडी नेली, खाट नेली, मलाही नेले. पार्ल्याच्या नाक्यावर आमचा लिलाव मांडला. गर्दी खूप जमली, पण बोली कोणी लावीना. अंमलदार ओरडून दमला, भाव उतरवत राहिला. ज्यांच्या मुलींच्या लग्नात मी राबले होते, ते सगळे समोर होते. कोणी टिंगल केली नाही, कोणी घोषणाही दिली नाही. नुसते हाताची घडी घालून उभे होते.

आवडाबाई पुढे आली. ती माझ्याकडेच बघते आहे, हे अंमलदाराच्या लक्षात आले. तो वाईट माणूस नव्हता. खाली वाकून म्हणाला, "आजी, चार आणे द्या आणि तुमची कढई घेऊन जा."

मित्रांनो, चार आणे तिच्या कनवटीला होते. मला ठाऊक आहे, कारण तिचा हात तिथे गेला होता. तो तिने परत घेतला.

"ती माझी आसा," ती म्हणाली. "माझ्याच वस्तूचे पैसे मी कोणाक देऊ?"

बैलगाडीत घालून मला सरकारी गोदामात नेले. तिथे अंधारात मला गंज चढत गेला. पुढच्या वर्षी सत्याग्रहींचा सरकारशी समझोता झाला आणि न विकलेल्या वस्तू लोकांना परत मिळाल्या. सीताराम मला न्यायला आला. घरी शकु होती. आवडाबाई मात्र आदल्या पावसाळ्यातच तापाने गेली होती. शकुने मला राखेने घासले, चुलीवर सुकवले, तेलाचा हात फिरवला. पण खाऱ्या पाण्याने आणि गंजाने पडलेले खड्डे भरले नाहीत. पुढे शकुही गेली, गॅस आला, चाळ पडली. मरोळच्या नव्या घरात शकुच्या नातवाने, विद्याधरने, मला भोक पाडून माती भरली. त्याचा हेतू वाईट नव्हता.

गेल्या महिन्यात त्याची नात दिशा रोपाला पाणी घालताना थबकली. हिचा एक कान कुठे गेला, असे तिने विचारले. विद्याधरने शकुची गोष्ट सांगितली. ती त्याला नीट माहीत होती, शकुचा फोटो तर हॉलमध्येच आहे. दिशाने ऐकून घेतले आणि विचारले, "पण आजोबा, कढई तिच्या सासूची होती ना? तिचं नाव काय?"

विद्याधरला ते ठाऊक नव्हते. त्याने मुलुंडला राहणाऱ्या आपल्या थोरल्या बहिणीला, सुगंधाला फोन लावला. तिला लहानपणी शकुने सारे सांगितले होते. फोन बराच वेळ चालला. दिशा कान लावून ऐकत होती.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंना रंग लावून मिरवू नका आणि कोपऱ्यात टाकूनही देऊ नका. त्यांच्याविषयी विचारा. ज्यांनी त्या लढ्यात नेल्या त्यांच्याविषयी विचारा आणि ज्यांनी त्या गमावल्या त्यांच्याविषयीही विचारा. सांगणारी माणसे आहेत तोवर विचारा.

फोन ठेवून दिशा गॅलरीत आली. माझ्याजवळ उकिडवी बसली आणि नाव विसरू नये म्हणून पुन्हा पुन्हा पुटपुटत राहिली, "आवडा. आवडाबाई."

त्या घरात ते नाव प्रथमच कोणी उच्चारत होते.