तूलिक्कीने अडवलेली फिरती पाटी

सन १९५४ च्या शरदात उत्तर जपानमधल्या ओतारू बंदरात थंडी लवकर उतरली. त्याच शरदात आमच्या गल्लीत पाण्यावरून असा गोंधळ झाला की म्हातारी माणसे अजून त्याची आठवण काढून हसतात. त्या गोंधळाचे मूळ माझ्या पाठीवर पडून होते, म्हणून ही हकिगत मीच सांगितलेली बरी.

मित्रांनो, मी एक जुनी पायपेटी आहे. माझा जन्म दक्षिणेकडे, हामामात्सु शहरातल्या एका कारखान्यात झाला. पितळेचे सूर, चामड्याचा भाता, अक्रोडाच्या लाकडाचे अंग. जहाजातून मी या बंदरात आले आणि एका प्राथमिक शाळेत राहिले. किती पोरांनी माझ्याबरोबर गळा काढला म्हणून सांगू! पुढे शाळेत पियानो आला आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथे झाडू, बादल्या आणि मी. युद्ध संपल्यावर गल्लीतल्या छोट्या प्रार्थनाघराला वाद्य हवे होते, तेव्हा शाळेने मला देऊन टाकले. चार माणसांनी मला चढावर ओढत नेले आणि रस्त्याकडच्या खिडकीशी उभे केले. पुन्हा उजेड दिसला, याचेच मला केवढे अप्रूप!

तिथे मला तूलिक्की भेटली. ही फिनलंडमधल्या एका शेतकऱ्याची मुलगी, उंच आणि हाडापेराने मजबूत. तिला ख्रिस्ती धर्माची शिकवण सांगायला आमच्या देशात पाठवले होते. मायदेशी तिने मलमपट्टी, शिवण, सुतारकाम, भजने असे सारे शिकून घेतले होते. जपानी मात्र तिथे कोण शिकवणार? ती इथेच शिकायची होती. दुसरे वर्ष सरताना थोरले पाद्री सारिकोस्की साप्पोरो शहरातून येणार आणि तिचे जपानी प्रवचन ऐकणार. हातात कागद घ्यायचा नाही. जमले तर गल्लीतले प्रार्थनाघर तिच्या हवाली, नाही जमले तर परतीचे जहाज. त्यांच्या मंडळींचा तसा नियमच होता.

तूलिक्कीला जायचे नव्हते. ती माझ्याशी फिनिश भाषेत बोलायची. "मला इथंच राहायचंय गं," ती म्हणायची. "पण बोलायला तोंड उघडलं की माणसं पांगतात."

पहाटे उठून ती तोंड धुण्याच्या तसराळ्यातला बर्फ फोडायची. मग माझ्यासमोर बसून, माझ्या भात्याचे पायटे दाबत, बायबलाच्या जुन्या जपानी भाषांतरातले शब्द पाठ करायची. पायही गरम राहायचे आणि घोकंपट्टीला ठेकाही मिळायचा. दुपारी निशिमोरीबाई शिकवायला यायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, केस घट्ट बांधलेल्या, काटेकोर बाई. पाय दुमडून बसताना तूलिक्कीच्या पायांना मुंग्या यायच्या आणि उठताना ती मला धरूनच उठायची.

"तूलिक्कीसान," बाई एकदा म्हणाल्या, "अशी जपानी आता देवळातले दगडसुद्धा बोलत नाहीत. तुम्ही भाजीवाल्याला काय म्हणालात म्हणे?"

"'हे सज्जना, मला मुळा प्रदान करा,' असं."

"आणि तो?"

"दोन मुळे दिले आणि आत पळाला."

आता ती पाटी कशी आली ते ऐका. आमच्याकडे गल्लीतल्या सूचना एका लाकडी पाटीवर लावून घरोघर फिरवतात. वरच्या घराने वाचायची, आपला शिक्का उमटवायचा आणि दिवस मावळायच्या आत खालच्या घरी पोचवायची. हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असते, म्हणून तूलिक्कीला ते कोणी सांगितलेच नाही.

पाटी आली आणि तिचे डोळे लकाकले. पुस्तकाबाहेरची, माणसाच्या हाताची खरीखुरी जपानी! तिने पाटी माझ्या पाठीवर ठेवली, शेजारी जाडजूड शब्दकोश उघडला आणि एकेक अक्षर सोडवायला घेतले. ते हस्ताक्षर म्हणजे ओल्या वाळूवरून खेकडा गेल्यासारखे. ती रोज थोडे वाचायची. माझा जीव नुसता वरखाली होत होता. पण पायपेटीचे काय, कोणी पाय दाबल्याशिवाय तिच्या तोंडून आवाज निघत नाही.

शेवटी धड्याच्या दिवशी तिने पाटी मोठ्या अभिमानाने बाईंपुढे धरली.

"बाई, सगळं वाचलं! कुणाची मदत नाही घेतली. 'दुरुस्तीसाठी गल्लीतले नळ बंद राहतील. सर्वांनी पाणी भरून ठेवावे.'"

"वा, छान!" बाई खरोखर खूश झाल्या. "कधी बंद राहणार आहेत?"

तूलिक्कीने पाटीवर बोट ठेवले. "काल आणि आज."

बाईंनी तारीख पुन्हा वाचली. प्रार्थनाघरात वापराचे पाणी पावसाच्या पिंपातले, म्हणून नळ सुकल्याचे तूलिक्कीला कळलेच नव्हते.

"मग ही पाटी इथं काय करतेय?" बाईंनी हळूच विचारले.

"मला वाटलं, ती मला दिलीय. अभ्यासाला."

तेवढ्यात दार सरकले. दारात कुमेकाकू उभ्या होत्या, हातात रिकामी बादली. कुमेकाकूंचे टोफूचे, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचे, दुकान उतारावर आमच्याच खालच्या घरात, आणि त्यांची जीभ म्हणजे सुरी. त्यांची नजर माझ्या पाठीकडे गेली.

"अस्सं! पाटी इथं आहे होय! देवापुढं ठेवली होती वाटतं? अहो, देवाला कुठं पाणी भरायचंय? माझं सोयाबीन भिजून टम्म फुगलंय, नळ सुका ठणठणीत, आणि आज त्याला आंबूस वास यायला लागलाय. टोफू काय आता थुंकीत करू?"

तूलिक्कीने जमिनीला कपाळ टेकले. जे काही शब्द येत होते ते सगळे जुनेपुराणे, राजदरबारातले. कुमेकाकू ऐकत राहिल्या आणि बाईंना म्हणाल्या, "हिला उठवा हो. ही तर माझ्या आजीच्या आजीसारखी बोलतेय. भांडायची सगळी मजा घालवली."

पण गल्लीचा राग सोपा नव्हता. खालच्या घरांनी तिच्याशी बोलणे थांबवले. वाकून नमस्कार करायचे आणि आत जायचे. प्रार्थनेला येणारी चार डोकीसुद्धा दोनावर आली. आता तिच्यासमोर थोरले पाद्री आणि जहाज, एवढेच दिसत होते.

बाईंनी सांगितले, "गोड बिस्किटं घ्या आणि घरोघर जाऊन माफी मागा. आपल्याकडं तीच रीत आहे."

तूलिक्की गेली. पण बिस्किटांबरोबर तिने आपले एक वचनही दिले. "यापुढे माझ्याकडची पाटी मी आल्या पावली पुढं नेईन. नुसत्या खालच्या घरी नाही, गल्ली संपेपर्यंत."

पुढची पाटी आली ती बर्फात. वाचत बसायला वेळ नाही, म्हणून तिने पाटी आणणाऱ्या उएमात्सु आजोबांनाच दारात अडवले. "आजोबा, एकदा मोठ्यानं वाचा ना!" आजोबांनी वाचले, तिने मनात घोळवले आणि पळत खाली गेली. कुमेकाकूंचे हात टोफूच्या पाण्यात कोपरापर्यंत बुडालेले.

"शिक्का मग उमटवीन. तूच सांग काय लिहिलंय."

"सज्जनहो, छतांवरील हिम..."

"छपरावरचा बर्फ म्हण गं. हिम कसलं? कुणी कविता करतंय का इथं?"

"छपरावरचा बर्फ रविवारी काढायचा. सगळ्यांनी फावडी आणायची."

"हां, आता कळलं. जा पुढं. आणि पळू नकोस, उतार निसरडा आहे. पडलीस तर तुला उचलायला दोन घोडे लागतील!"

असा तो हिवाळा गेला. पाटी आली की तूलिक्की निघायची. न्हाणीघराच्या मालकिणीने एक शब्द सुधारावा, पुढच्या घरच्या आजीने दुसरा. कोणी वाफाळता चहा द्यायचे, कोणी लोणचे. हळूहळू माणसे पाटी न बघता तिच्या तोंडाकडे बघू लागली. मी खिडकीतून ऐकायचे. वर चढताना तिचे हसू आधी यायचे आणि ती मागून.

निशिमोरीबाई मात्र काळजीत पडल्या. "टोफूवालीसारखी बोलायला लागलात तुम्ही! थोरले पाद्री शुद्ध भाषेचे भोक्ते आहेत. त्या दिवशी तरी पुस्तकातलं बोला. माझं एवढं ऐका, नाहीतर जहाजात बसवतील तुम्हाला." तूलिक्कीने ऐकले आणि सबंध प्रवचन पुस्तकी भाषेत पाठ केले.

बर्फ वितळू लागला आणि तो रविवार उजाडला. थोरले पाद्री पहिल्या बाकावर बसले. दाढी पांढरी, घड्याळ हातात. शेवटच्या बाकावर निशिमोरीबाई. बाकी बाके रिकामी. तूलिक्कीचा चेहरा मेणासारखा झाला होता.

आणि मग दार सरकले. कुमेकाकू आत आल्या, आज हात कोरडे आणि अंगावर ठेवणीतला किमोनो. मागून उएमात्सु आजोबा, न्हाणीघराची मालकीण, खालच्या घरच्या आजी, लेकुरवाळ्या सुना. दाराशी जोड्यांचा ढीग झाला. बाके पुरेनात, तेव्हा माणसे भिंतीला टेकून उभी राहिली. मला नंतर कळले. त्या आठवड्यात एक पाटी फिरली होती आणि आमचे घर तेवढे मुद्दाम गाळले होते. पाटीवर कुमेकाकूंच्या हातचे होते: "रविवारी तूलिक्कीची परीक्षा. नापास झाली तर तिला घेऊन जातील. सर्वांनी यावे."

तूलिक्कीने सुरुवात केली. "हे परमकृपाळू..." दोन वाक्ये झाली आणि तिसरे तिला आठवेना. थोरल्या पाद्रींनी घड्याळाकडे पाहिले. बाईंनी डोळे मिटून घेतले.

मागून कुमेकाकूंचा आवाज आला. "अगं, पाटी सांगतेस तसं सांग ना!"

सगळे हसले. तूलिक्कीही हसली. तिने माझ्या पाठीवर हात टेकला आणि मोठा श्वास घेतला.

"गेल्या शरदात माझ्या घरी एक बातमी आली," ती आमच्या गल्लीच्या भाषेत म्हणाली. "सगळ्यांसाठी होती. मी काय केलं? या पेटीवर ठेवली आणि शब्दकोश काढला. मला तिचा अर्थ हवा होता. अर्थ मिळाला, आणि तोवर गल्लीचं पाणी गेलं. माझा देव मला हेच सांगायला इथं घेऊन आला असेल. चांगली बातमी घरात ठेवायची नसते. ठेवली की खालच्या घरचं सोयाबीन आंबतं."

असा हशा झाला की माझे सूर आपोआप थरथरले. मग ती बोलतच गेली. दारोदार तिला मिळालेली माफी, चहा, लोणचे, आणि ज्याच्याकडून ती माफ करायला शिकली तो येशू, सारे एकाच धाग्यात आले. आजी डोळे पुसत होत्या. शेवटी ती माझ्यापुढे बसली आणि भजन वाजवू लागली. त्याच चालीचे गाणे गल्लीने शाळेत म्हटलेले होते. लोकांनी आपल्या शाळेतले शब्द घातले आणि छप्पर दणाणून सोडले. मी जिन्याखाली काढलेली सारी वर्षे त्या एका गाण्यात विसरले.

थोरले पाद्री उठले. "हिची भाषा शुद्ध नाही," ते गंभीरपणे म्हणाले.

"पाद्रीबुवा, आमची तरी कुठं आहे?" कुमेकाकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "बिघडली ती आमच्याकडं. निस्तरू पण आम्हीच. राहू द्या तिला इथं. आणि आधीच सांगते, मी माझ्या देवळातच जाणार हं!"

थोरल्या पाद्रींनी घड्याळ खिशात टाकले आणि दाढीआड हसले. "परीक्षा घ्यायला मी आलो होतो. पण निकाल तर तुम्हीच लावून बसलात."

त्यानंतर काय काय झाले ते सांगते. सारिकोस्की पाद्री म्हातारपणी मायदेशी परतले आणि नव्या पोरांना शिकवू लागले. भाषा शिकायला आधी शेजाऱ्याच्या दारात जा, असे ते म्हणायचे म्हणे. निशिमोरीबाई शेवटपर्यंत तूलिक्कीच्या चुका काढत राहिल्या आणि तिच्याच मांडीवर गेल्या. कुमेकाकू कधीच प्रार्थनेला आल्या नाहीत, पण दर रविवारी प्रार्थनाघरात टोफूची वाटी पोचायची. त्यांच्या मागे सुनेने ती रीत सोडली नाही. तूलिक्कीने गल्लीत बालवाडी काढली. तिच्या हाताखालची मुले आज आजी-आजोबा झाली आहेत. थकल्यावर तिला मायदेशी बोलावले, तेव्हा ती म्हणाली, "मी घरीच आहे." बंदर दिसणाऱ्या टेकडीवर तिची समाधी आहे. गल्लीने दगडावर तिच्या नावाखाली एवढेच कोरले: आमच्या गल्लीतली.

आणि मी? विजेवरची पेटी आल्यावर मला बालवाडीच्या कोपऱ्यात हलवले. रोज कोणीतरी पोर पायटे दाबून जाते, वेडेवाकडे का होईना वाजवते. मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत माझ्यासारखे जुने कोणी असेल. त्याला कापड घालून झाकून ठेवू नका. भाता हलता राहिला तर वर्षानुवर्षे टिकतो, पडून राहिला की चामडे तडकते. धूळ एक वेळ राहू द्या, पण वाजवत जा.