मधल्या मोकळ्या ओळी

जनावरांच्या दवाखान्यात फोन आणि नोंदी सांभाळणाऱ्या तिला त्या दिवशी सकाळीच बोलणी खावी लागली. एका निवृत्त मास्तरांच्या कुत्रीचा लसीचा दुसरा डोस चुकला होता. मास्तर आवाज न चढवता म्हणाले, "तुम्ही फोन करणार होतात. मी तुमच्या भरवशावर राहिलो." आणि कुत्रीला घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे निघून गेले.

कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात तिने तारीख बरोबर टाकली होती. तारीख उलटली की तो चौकोन लाल व्हायचा आणि ती फोन करायची. पण तिच्या आधी हे काम करणाऱ्या बाईंनी तो नियम जिथवर लावला होता, तिथवरच तो चालायचा. त्याखालची प्रत्येक नवी ओळ उघडीबोडकी यायची, ना रेघा ना रंग. ती रोज वरची सजावट खाली ओढायची. गर्दी झाली की राहून जायचं. नेमकी मास्तरांचीच ओळ राहिली होती.

"लक्ष कुठे असतं तुमचं?" डॉक्टर म्हणाले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण समोर मांजर घेऊन एक बाई बसल्या होत्या, म्हणून तिने शब्द गिळले.

दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर तिने नाइलाजाने मोठ्या जाऊबाईंना फोन लावला. त्या एका कचेरीत दिवसभर असलेच तक्ते करायच्या, आणि मदत करताना चार शब्द ऐकवल्याशिवाय राहायच्या नाहीत.

"रोज हाताने रंगवत बसतेस? कमाल आहे तुझी," जाऊबाई म्हणाल्या. "तक्त्यात क्लिक कर, कंट्रोल धरून टी दाब. त्याचं टेबल होईल. मग लाल रंगाचा नियम अख्ख्या रकान्याला लाव. खाली लिहिलेली ओळ आपोआप वरच्यासारखी येईल."

तिने केलं. वरच्या चारच ओळी टेबलात आल्या.

"मध्ये मोकळ्या ओळी आहेत का गं?"

"डॉक्टर सोडतात. मधूनमधून एक."

"मग बस आता काढत."

ती काढत बसली. दोनदा भरलेली ओळच चुकून उडाली, ती परत आणली. मान अवघडली. शेवटी कंट्रोल-टी केलं, नियम लावला, खाली एक जुनी तारीख टाकली, तर रेघाही आल्या आणि चौकोन लालही झाला. तिला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संतापच. इतकंसंच होतं, आणि त्यासाठी तिने महिनोन्‌महिने बोटं झिजवली होती.

तेवढ्यात डॉक्टर आले, खुर्ची ओढली आणि एक ओळ सोडून नवीन सशाची नोंद केली. ती उघडीच राहिली.

"डॉक्टर, ओळ सोडायची नाही."

"जवळजवळ लिहिलं की मला वाचता येत नाही हो."

"मी ओळींची उंची वाढवते. पण सोडलीत, तर फोन तुम्ही करायचे."

डॉक्टरांनी सशाची नोंद खोडून वरच्या ओळीला चिकटून पुन्हा लिहिली.

संध्याकाळी जाऊबाईंचा फोन आला. "जमलं का?"

"जमलं," ती म्हणाली. आभाराचे शब्द ओठांवर आले होते, तेवढ्यात जाऊबाई म्हणाल्या, "आधीच विचारायचंस ना."

तिने दार लावायचंय असं सांगून फोन ठेवला.