रंगवलेले लायनर

पोलिसांच्या आवारात सात महिने पडून असलेला ट्रक सुटून घरी आला, त्याच सकाळी धाकटीने त्याचं मागचं डावं चाक उतरवलं. दादा अंगणात खुर्ची टाकून बसला होता. त्याचा डावा हात कोपरापासून खाली कामातून गेला होता, पण जीभ शाबूत होती आणि खुर्चीतूनच हुकूम सुटत होते.

"आधी पुढच्या चाकांना दगड लाव. जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही."

"माहितीये रे."

"माहितीये म्हणणारेच चिरडतात."

धाकटी एकेचाळीस वर्षांची. पंपांच्या कारखान्यात सतरा वर्षं बेअरिंग बसवून तिचे हात पान्याला सरावलेले. ट्रक वडिलांच्या वेळचा. दहा लाख किलोमीटर त्याने कधीच ओलांडले होते. मीटरचे आकडे संपून पुन्हा शून्यापासून मोजणी सुरू झाली होती. वडील गेले, दादा चालवू लागला, आणि आता दादाही चालवणार नव्हता. म्हणून धाकटीने दुसऱ्या खेपेला का होईना, जड वाहनाचा परवाना काढला होता.

चाकाच्या आतला ड्रम निघता निघत नव्हता. तिने चारी बाजूंनी हातोडी ठोकली, तेव्हा गंजाचा भुगा सांडत तो बाहेर आला. आत लायनर होते. ब्रेक दाबला की ड्रमला घासून चाक अडवतात ते पट्टे. नवा लायनर बोटभर जाड असतो. हे वहीच्या पुठ्ठ्याएवढे उरले होते आणि त्यांतून वर आलेल्या रिव्हेटच्या डोक्यांनी ड्रमवर खोल चरे पाडले होते. कडेला मात्र छान काळा रंग. तिने नखाने खरवडलं. रंगाचा पोपडा निघाला आणि खालून जुनाट करडी कड दिसली.

अपघाताच्या नऊ दिवस आधी मिस्त्रीने या ट्रकला चारही चाकांचे नवे लायनर टाकले होते. म्हणजे तसं सांगितलं होतं.

हा मिस्त्री परका नव्हता. वडिलांच्या हाताखाली तो पाना धरायला शिकला, याच ट्रकवर. दोघं भावंडं त्याला काका म्हणत. अपघाताच्या दुपारी सिमेंट भरलेला ट्रक घाटात सुटला, तेव्हा खाली बाजार भरला होता. दादाने ट्रक डोंगराच्या अंगावर घातला. बाजारातल्या कुणाला खरचटलंही नाही. दादा दोन दिवसांनी शुद्धीवर आला, पण त्या दुपारीसकट आधीचे दोन-तीन दिवस त्याच्या डोक्यातून पुसले गेले होते, ते गेलेच. चौकशीत काकांनी जबानी दिली, "ब्रेक नवेकोरे होते, साहेब. पोरगा सकाळी हवा भरायला आला तेव्हा म्हणाला होता, दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. डुलकी लागली असणार."

तेवढं पुरलं. दादाचा परवाना रद्द झाला, आणि ट्रक अड्ड्यावर त्याचं नावच पडलं, डुलकी. वहिनी बाजारात गेली तरी मागून कुणीतरी म्हणायचं, "डुलकीची बायको." दादाने घराबाहेर पडणं सोडलं.

धाकटीने लायनर दादाला दाखवले. त्याने ते मांडीवर घेऊन बराच वेळ पाहिले आणि परत दिले. ती ते पिशवीत घालून चौकशी अधिकाऱ्याकडे गेली. त्याने पिशवीत डोकावूनही पाहिलं नाही. "सात महिन्यांनी तुम्ही स्वतः घरी चाक उघडलंत, बाई. हे आतून निघाले कशावरून? प्रकरण बंद झालंय."

कचेरीच्या पायऱ्या उतरताना तिने ठरवलं, प्रकरण बंद करायचं की नाही ते आता मी बघते.

तिने आरडाओरडा केला नाही. गॅरेजवर जाऊन काकांची गचांडीही धरली नाही. आधी ती ट्रकच्या मागे लागली. चारही चाकांचे लायनर तिने स्वतः बदलले, ड्रम कारखान्यातल्या ओळखीने घासून आणले. चेपलेली केबिन, इंजिनचं तेल, फिल्टर, क्लचची तार, रेडिएटरचे फुगलेले पाइप, सगळं दादा सांगत गेला आणि ती करत गेली. चुकाही केल्या. एकदा पंख्याचा पट्टा सैल बसवून अख्खा दिवस शिट्टी ऐकली. पण तीन महिन्यांत त्या थकलेल्या ट्रकचा आवाज असा झाला, की वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "मामंजींच्या वेळी असाच यायचा."

मग धाकटी मिस्त्रीच्या गॅरेजसमोरच्या मोकळ्या मैदानात ट्रक नेऊ लागली. दर रविवारी सकाळी, बरोबर गॅरेजच्या दारासमोर. ती चटई अंथरायची, चाक उतरवायची आणि काम नसलं तरी काम काढायची. ड्रायव्हर लोक आधी हसले. डुलकीची बहीण काय करते बघू, म्हणून जवळ आले. तिने कुणाला काही सुनावलं नाही. विचारलं तर सांगायची, "हा लायनर. एवढा जाड हवा. कडेला रंग दिसला तर खरवडून बघा. नव्याला कुणी रंग मारत नाही."

टँकरवाल्याने सहज म्हणून आपलं चाक तिच्याकडून उघडून घेतलं. त्याला काकांनी दीड महिन्यापूर्वी नवे लायनर टाकले होते. धाकटीने कड खरवडली. पोपडा निघाला.

टँकरवाला खाली बसला तो उठेचना. "मी रॉकेल वाहतो," एवढंच म्हणाला.

पुढच्या रविवारी चार गाड्या आल्या, त्याच्या पुढच्या रविवारी नऊ. कुणाचे लायनर, कुणाचं बेअरिंग, कुणाचा घासून गुळगुळीत केलेला जुना क्लच. काका आपल्या दारातून सगळं पाहत होते. भंगारातल्या गाड्यांचे भाग पुसून, रंगवून, नव्या खोक्यांत भरण्याचा त्यांचा धंदा उघड्यावर सांडत होता, आणि तो सांडणारी बाई एकदाही त्यांच्याकडे वळून बघत नव्हती. धाकटीला रविवारची ओढ लागली. गॅरेजसमोरची रांग दर आठवड्याला आखडताना बघून तिला जे वाटायचं, ते ती कुणाला सांगत नव्हती. सांगण्यासारखं नव्हतंच ते. गोड होतं.

अखेर काका मैदानात आले. गॅरेजमध्ये त्या दिवशी एकही गाडी नव्हती.

"किती दिवस चालवणार आहेस?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "तुझ्या वडिलांचं मीठ खाल्लंय मी. झालं गेलं सोड. हा ट्रक जन्मभर फुकट सांभाळून देतो."

"नको. मी सांभाळते," धाकटी हात पुसत म्हणाली. "चुकलं असं म्हणताय का, काका?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. वीसेक ड्रायव्हर कान देऊन उभे होते. काकांचा आवाज चढला. "चुकायचं काय त्यात? माल चांगलाच होता. तुझ्या भावाला झोप लागली, त्याला मी काय करू?"

"चांगला होता?"

"होता म्हणजे होता."

"मग बरं झालं," ती म्हणाली. "तुमचे लायनर मी ठेवलेत. आज तेच परत चढवते. तुम्ही चालवून दाखवा."

मैदानामागून एक रस्ता बंद पडलेल्या दगडखाणीत उतरत होता. सरळसोट, तीव्र, तळाशी कातळाची भिंत. तिकडे कुणी फिरकत नसे. धाकटीने सर्वांच्या देखत मागच्या दोन चाकांना ते पुठ्ठ्याएवढे लायनर बसवले. दोन तास गेले. कुणी जागचं हललं नाही. काकांनाही जाता येईना. गेले असते तर तेच उत्तर झालं असतं.

"ट्रक रिकामा आहे," तिने शेवटचा नट आवळत सांगितलं. "दादाचा भरलेला होता. एवढी सूट देते."

काका स्टिअरिंगवर बसले. धाकटी दुसऱ्या बाजूने चढून त्यांच्या शेजारी बसली.

"तू कशाला?"

"मला बघायचंय."

सपाटीवर त्यांनी ब्रेक दाबून पाहिला. ट्रक थांबला. त्यांना जरा धीर आला.

"पहिल्यांदा धरतो," धाकटी म्हणाली. "दहाव्यांदा धरत नाही. वडील तुम्हाला समजावून सांगायचे, मी ऐकलंय लहानपणी."

उताराच्या तोंडाशी ट्रक आला. खाली रस्ता पांढराफटक दिसत होता, त्याच्या टोकाला कातळ. काकांनी हँडब्रेक ओढला. इंजिन चालूच होतं. त्यांच्या कपाळावरून घाम भुवयांत उतरत होता आणि तो पुसायला हात उचलेना. पुढच्या दोन चाकांत तिने टाकलेले नवे लायनर होते. तिथेही आपलेच जुने आहेत, असं काका धरून चालले होते, आणि धाकटीने खरं सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हती.

"उतरा ना," ती म्हणाली. "दादा उतरला तसे."

"मरू आपण."

"माल चांगला आहे म्हणालात."

काकांनी पुन्हा एकदा कातळाकडे पाहिलं. मग काका पुटपुटले, "खराब होते. मला वाटलं, महिनाभर निघेल. तेवढ्यात दुसरे टाकले असते."

"मला सांगू नका. मला माहीत आहे. चालत परत जा आणि त्यांना सांगा. झोपेचंही सांगा."

ते खाली उतरले. धाकटीने ट्रक मागे घेतला नाही. तिथेच बसून तिने आरशात पाहिलं, तो म्हातारा माणूस धुळीतून एकेक पाऊल टाकत मैदानाकडे जात होता. मधे एकदा थांबला. तिने हॉर्न दाबला. तो पुन्हा चालू लागला.

टँकरवाल्याने त्यांना तिथेच थांबवून कागद आणला, लिहून घेतलं, आणि सह्या करायला वीस माणसं होती. मग सगळा घोळका काकांना मधे घालून धाकटीच्या घरी आला. दादा अंगणातच होता. काकांनी त्याच्यापुढे मान खाली घालून सगळं पुन्हा सांगितलं. लायनर भंगारातले होते. आणि दोन रात्री झोपलो नाही असं दादा कधी म्हणालाच नव्हता. ते त्यांनी आपल्या मनाचं रचलं होतं.

दादाने खुर्चीचा हात घट्ट धरला. "मी म्हणालो नव्हतो?"

"नाही."

"नक्की?"

"तू हसत होतास त्या सकाळी. मुलीच्या निकालाचं सांगत होतास."

दादा धाकटीकडे वळला. त्याचा चेहरा तिला ओळखू येईना. "लायनर बघितले तरी मला वाटायचं, डुलकीही लागली असेल," तो म्हणाला. "आठवतच नाही ना काही. रोज सकाळी उठून मी तेच आठवायला बसायचो."

धाकटीला वाटलं होतं, काकांचं तोंड उघडलं की आपलं पोट भरेल. पण दादाचं हे ऐकलं आणि तिला कळलं, हात गेल्याचा हिशोब तिने धरला होता, या रोजच्या सकाळींचा धरलाच नव्हता. काका जाताना तिच्या समोर क्षणभर रेंगाळले. तिने वाट सोडली नाही. त्यांना कुंपणाच्या कडेने अंग चोरून जावं लागलं.

चौकशी पुन्हा उघडली. दादाचं नाव कागदोपत्री धुऊन निघालं आणि अड्ड्यावर त्याला आता कुणी डुलकी म्हणत नाही. काकांवर खटला उभा राहिला, गॅरेजला टाळं लागलं. त्यांच्या बायकोने एकदा वहिनीला गाठून विनवलं, की धाकटीने साक्ष जरा सौम्य द्यावी, आता वय झालंय त्यांचं. वहिनीने निरोप पोहोचवला. धाकटी तेव्हा ट्रकखाली आडवी होती.

"वहिनी, तो बारा नंबरचा पाना सरकव इकडे," ती म्हणाली. "आणि त्यांना सांग, साक्ष मी पाठ करून ठेवली आहे. एक शब्दही गाळणार नाही."