पॅसेजमधला पट्टा

मुलाने रंगकामाचं काढलं तेव्हा तपासनीसबाई आतून हादरल्या. वरवर मात्र त्या म्हणाल्या, "कशाला उगाच पसारा? चांगला आहे की अजून रंग."

"कुठे चांगला? पॅसेजमधला पट्टा बघ ना. कडेच्या खाली अख्खी रेघ पांढुरकी पडलीय, पॉलिशपेपर घासल्यासारखी. तुला दिसत नाही का?"

असले प्रश्न लोक दिवसातून दहा वेळा विचारतात आणि विसरूनही जातात. बाईंना मात्र हा प्रश्न विसरण्यासारखा नव्हता. कारण त्यांना खरोखरच दिसत नव्हतं.

वर्ष उलटून गेलं होतं. काचबिंदू. गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. आता उजेड-अंधार तेवढा कळे, माणूस समोरून गेला तर सावली हलल्यासारखी वाटे, आणि तिथे संपलं. मुलगा दुसऱ्या गावी राहायचा, महिन्या-दोन महिन्यांनी एखादा दिवस डोकावायचा, आणि तो एक दिवस बाई अशा काही सफाईने काढायच्या की त्याला कसली शंका येत नसे. लपवायला कारणही तसंच होतं. वडील गेले तेव्हाच त्याने बजावून ठेवलं होतं, "तुला जरा काही झालं ना आई, की मी ऐकणार नाही. घराला कुलूप लावायचं आणि तू माझ्याकडे." तो बोलला की करतो. आईचाच मुलगा, हट्ट कुठून येणार दुसरा?

तर बाई या घरात ज्याच्या जोरावर फिरत होत्या तो हा पट्टा. पूर्वी सगळ्या घरांत असायचा तसाच: भिंतीचा खालचा अर्धा भाग चकचकीत ऑइलपेंटचा, वरचा अर्धा खरखरीत डिस्टेंपरचा. ऑइलपेंटचे हात एकावर एक चढत गेल्यामुळे दोन्हींच्या मध्ये बारीकशी कड तयार झाली होती. बोटं त्या कडेखाली टेकवायची आणि चालू लागायचं. कड तुटली की न्हाणीघराचं दार, परत तुटली की स्वयंपाकघर. बोटं कडेच्या वर जाऊ द्यायची नाहीत, कारण डिस्टेंपरवर उमटलेला हात पुसून जात नाही. ऑइलपेंटचं तसं नसतं, साबणाच्या फडक्याने निघतं सगळं. म्हणून बाई रोज सकाळी आपल्याच बोटांची वाट फडक्याने घासून काढायच्या, कुणाला माग लागू नये म्हणून. आणि घासून घासून त्यांनी नेमकी तेवढ्याच रेघेवरची चकाकी घालवली होती. पुरावा पुसता पुसता पुरावा तयार झाला, आणि त्या रेघेपायीच मुलाने रंगवाल्याला बोलावलं. याला काय म्हणावं?

रंगवाला आला तो प्लायवूडचे तीन तुकडे घेऊन. तिन्हींना रंग एकच, सायीसारखा, असं मुलाच्या बोलण्यावरून बाईंना कळलं. फरक होता तो वरच्या पोताचा.

"हे मॅट," रंगवाला सांगू लागला. "भिंतीचे उंचसखल भाग झाकून टाकतं. पण घासायचं नाही. घासलं की तेवढाच डाग चमकायला लागतो. हे मधलं, सॅटिन. आणि हे ग्लॉस. खुशाल साबण-पाण्याने धुवा, पण उजेड तिरका पडला की भिंतीची प्रत्येक खोड दिसते."

"सगळीकडे मॅट," मुलगा म्हणाला. "आमच्याकडे तेच आहे. डोळ्याला शांत वाटतं."

बाईंनी तिन्ही तुकडे मांडीवर घेतले आणि अंगठा फिरवला. फर्निचरच्या कारखान्यात उभी हयात त्यांनी हेच केलं होतं. कपाट तयार होऊन बाहेर पडण्याआधी शेवटचा हात त्यांचा फिरे, म्हणून तर तपासनीसबाई हे नाव पडलं आणि ते घरापर्यंत येऊन चिकटलं. त्यांनी तुकडे न चुकता ओळीने लावले. वर ग्लॉसच्या तुकड्यावर बोट आपटून म्हणाल्या, "याचा खालचा हात पुरता वाळायच्या आधी वरचा मारलात. कोपऱ्यात सुरकुतलंय."

रंगवाला ओशाळून हसला. "मावशी, दुकानदारालाही नाही दिसलं ते."

"आमच्या आईची नजर आहे ती," मुलगा कौतुकाने म्हणाला.

त्या एका वाक्याने बाईंना दहा हत्तींचं बळ आलं. त्यांनी लगेच घोडं पुढे दामटलं. "मग माझं ऐक. पॅसेजमध्ये पट्टा राहू दे. खाली ऑइलपेंट, वर काय हवं ते लाव."

"आजकाल कोण पट्टा मारतं? शाळा नाही, दवाखाना नाही. भिंत घासून गुळगुळीत करू, खाचाखोचांत लांबी भरू, वरपासून खालपर्यंत एकसारखी."

एकसारखी. बाईंच्या डोळ्यांपुढे असंही काही नव्हतंच; पण त्या शब्दाने होता तो उजेडही विझल्यासारखा झाला. एकसारखी भिंत म्हणजे कुठे काही सुरू होत नाही, कुठे संपत नाही. त्यांनी बराच हट्ट धरला. हात लागून भिंत खराब होईल, मॅट धुता येत नाही, मी म्हातारी, माझे हात तेलकट. मुलगा हसून ऐकत राहिला आणि बधला नाही. शेवटी म्हणाला, "बरं, उद्या भिंतीवरच तुकडे मारून ठेवायला सांगतो. तू निवड."

बाईंना वाटलं, गड निम्मा तरी हाती आला. भिंतीवर ग्लॉसचा तुकडा येणार, आपण त्यावर हात ठेवणार, बस.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उठल्या आणि घर परकं झालं होतं. पहाटेच दोघांनी खोल्यांतलं सामान मध्यभागी ढकलून त्यावर प्लास्टिक पसरलं होतं. खुर्ची जिथे हवी तिथे हवा होती, आणि जिथे काही नसायचं तिथे कपाटाचा कोपरा. पॅसेजच्या तोंडाशी बाईंनी बोटं भिंतीला टेकवली, दोन पावलं टाकली आणि पायाच्या अंगठ्याला पत्र्याचा गारवा लागला. डबा. आणखी अर्धं पाऊल पडलं असतं तर बाई आणि रंग दोन्ही जमिनीवर. आवाज चढवून त्या म्हणाल्या, "डबा काय वाटेत ठेवायची वस्तू आहे? कारखान्यात असं केलं असतं तर घरी पाठवलं असतं तुम्हाला."

"चुकलं मावशी," रंगवाला म्हणाला आणि डबा उचलल्याचा आवाज आला. निभावलं. पण पुढे आणखी काय पडलंय कोण जाणे, म्हणून त्या भिंतीला पाठ टेकून उभ्या राहिल्या.

"पाठ नको लावूस, ताजं आहे पलीकडे," मुलगा स्वयंपाकघराच्या बाजूने आला. "हे बघ, तीन तुकडे मारलेत. मघाशीच वाळले. नीट बघून सांग, मग माझं काही म्हणणं नाही."

बाई वळल्या. पुढे वाकून, मान तिरपी करून, बघणाऱ्या माणसासारखं केलं. मग हात पुढे केला. पहिला तुकडा: मॅट. हात सरकला. दुसरा: मॅट. हरकत नाही, तिसरा असणार. तिसऱ्यावर तळवा ठेवला, आणि तोही तसाच, खडूच्या भुकटीसारखा. परत पहिल्यापासून फिरवला. तिन्ही मॅट. तिळमात्र फरक नाही.

बाईंच्या मस्तकात तिडीक गेली. पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागला नव्हता, आत्ताच जीव वाचला होता, आणि हा पोरगा आईला खेळवतोय? निवड म्हणायचं आणि तिन्ही पर्याय आपल्याच मनातले ठेवायचे?

"लहान मूल समजलास का मला?" त्या कडाडल्या. "तिन्ही एकच आहेत. यात निवडायचं काय? काडीचा फरक नाही यांच्यात."

खरवडण्याचा आवाज येत होता तो थांबला. रंगवाल्याने खरवडायचा पत्रा खाली ठेवला असावा.

"आई," मुलगा अगदी हळू म्हणाला, "मी तुला रंग निवडायला सांगितला. एक निळा आहे. एक पिवळा आहे. मधला विटकरी."

बाईंचा हात भिंतीवरच राहिला.

"म्हणजे, रंग निराळे आहेतच," त्या घाईने म्हणाल्या, "मी पोताबद्दल बोलत होते. काल पोताचंच चाललं होतं ना आपलं."

"माझ्या शर्टाचा रंग कोणता आहे?"

"आता हे काय मधेच?"

"सांग ना."

"नेहमीचाच. पांढरा."

"मी शर्ट घातलेलाच नाही आई. सकाळपासून बनियनवर आहे."

झालं. वर्षभर जपलेलं सगळं एका बनियनपाशी येऊन कोसळलं. बाईंना वाटलं होतं, हे कधी उघड झालं तर आपण रडू. प्रत्यक्षात राग आला, स्वतःचाच. कारखान्यात त्या नव्या पोरींना सांगायच्या, रागात कधी माल पास करू नका.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"गेल्या उन्हाळ्याच्या आधीपासून. आधी कडेकडेने गेलं, मग सगळंच."

"आणि मी येत होतो. तुझ्यासमोर बसून जेवत होतो." त्याचा आवाज फाटला. "मला कळलं कसं नाही?"

"मी कळू दिलं नाही म्हणून."

मग तो चिडला, आणि घाबरलेली माणसं चिडतात तसा चिडला. गॅसचं काय? आवाजाने कळतो, बाई म्हणाल्या. भाजत नाही कधी? इथे खोटं बोलता आलं असतं, पण आता खोट्याचा कंटाळा आला होता. एकदा बाही पेटली होती, त्यांनी सांगितलं, हातानेच विझवली. त्यांनी मनगट पुढे केलं. मुलाने ते धरून डागावर अंगठा फिरवला.

"बस झालं," तो म्हणाला. "रंग गेला खड्ड्यात. सामान भर. उद्या निघायचं."

"मी येणार नाही."

"आई, तू आंधळी झाली आहेस."

तो शब्द घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला. बाईंनी तो ऐकून घेतला.

"तुझ्याकडे झाले आहे," त्या म्हणाल्या. "मागच्या खेपेला आठ दिवस राहिले, आठवतंय? सूनबाईला वाटलं मी रुसलेय. खुर्चीतून उठतच नव्हते ना. उठू कुठे? तुझ्या भिंती सगळ्या एकसारख्या. हात ठेवला तर कुठे आहे तेच कळेना. पाणी प्यायला उठायची भीती. न्हाणीघरात जायचं तर सगळे झोपायची वाट बघायची आणि मग भिंत चाचपत फिरायचं, चोरासारखं. तिथे मी आंधळी आहे. इथे या पट्ट्याला बोट लावलं की मी माझ्या घरात असते." त्यांनी बोट भिंतीवर टेकवलं. "तू आज तो पट्टा खरवडतो आहेस. मला उचलून नेण्याआधीच नेलंस तू."

पॅसेजमध्ये चुन्याचा आणि रंगाचा वास कोंडला होता. मुलगा खाली बसल्याचं बाईंना कळलं, कारण त्याचा श्वास आता त्यांच्या गुडघ्यांपाशी ऐकू येत होता. ते आठ दिवस तोही रुसला होता. आई बोलत नाही म्हणून तोही बोलला नव्हता.

"स्वयंपाकाला बाई लावायची," तो शेवटी म्हणाला. "गॅसला तू हात लावायचा नाहीस. यावर वाद नको."

"तिला मीठ कळत नसेल तर?"

"तर अळणी खायचं."

"बरं," बाई म्हणाल्या. मान्य करायला जड गेलं, पण केलं.

"पट्टा मारा," तो रंगवाल्याला म्हणाला. "खाली ऑइलपेंट, चांगले जाड हात द्या. कड बोटाला लागली पाहिजे. आणि आणखी एक सांगा. आमच्या घरी मॅट आहे सगळीकडे. त्याच्यावर असाच पट्टा बसेल का? खोलीपासून न्हाणीघरापर्यंत आणि तिथून स्वयंपाकघरापर्यंत."

"बसेल की. आधी पॉलिशपेपर मारावा लागेल, मग प्रायमर."

बाई आवाजाकडे वळल्या. म्हणजे न्यायचं याने सोडलेलं नाही तर. इतकं सगळं सांगून झाल्यावरही.

"मी म्हटलं ना, मी तिकडे राहणार नाही," त्या म्हणाल्या.

"राहायला नाही गं," मुलगा म्हणाला. "चार दिवस आलीस तर रात्री पाणी प्यायला उठता यावं म्हणून."

इतका वेळ एक टिपूस न काढलेल्या बाई तिथेच, त्या तीन तुकड्यांपाशी, डोळ्यांना पदर नाही की रुमाल नाही, रंगवाल्यासमोर रडायला लागल्या.