पाचवा खडा

मुंगीच्या उजव्या खिशात दहा खडे होते आणि डावा खिसा रिकामा होता. शंभर मीटर चालून झाले की एक खडा उजवीकडून डावीकडे जायचा. शंभर मीटर म्हणजे तिची बहात्तर पावलं, तीही फक्त डाव्या पायाची. हा आकडा कोणी तिला दिलेला नव्हता. पाचोळ्यावर दोरी ताणून, चाळीस वेळा चालून तिने तो स्वतः काढला होता. तुकडीत ती सगळ्यात बुटकी, म्हणून पावलं जास्त, आणि म्हणूनच नाव मुंगी.

प्रशिक्षण केंद्रातल्या नकाशावाचनाच्या परीक्षेत गेल्या वेळी ती नापास झाली होती. दुसऱ्यांदा नापास होणाऱ्या कॅडेटने सामान बांधायचं, असा नियम होता. घरी दादाने आपल्या चष्म्याच्या दुकानात तिच्यासाठी जागा रिकामी ठेवली होती, आणि फोनवर तो हे इतक्या प्रेमाने सांगायचा की तिला ते चिडवण्यापेक्षा जास्त लागायचं.

परीक्षा तिघातिघांची होती. नकाशा ताईकडे होता. ताई वयाने मोठी, दोन वर्षं शाळेत भूगोल शिकवून मग इकडे आलेली. होकायंत्र जिराफकडे होतं, कारण झुडपांच्या डोक्यावरून त्यालाच पुढचं झाड दिसायचं. मुंगीने पावलं मोजायची. घड्याळही तिच्याच मनगटावर होतं. जिराफचं आदल्या आठवड्यात नाल्यात पडलं होतं आणि ताईला घड्याळाच्या पट्ट्याने पुरळ यायचं.

जंगल लावलेल्या झाडांचं होतं. सगळी एका वयाची, एका जाडीची, दहा पावलांपलीकडचं दिसू न देणारी. त्यात गुडघाभर उंचीच्या पांढऱ्या खुंट्या रोवल्या होत्या आणि प्रत्येकीवर एक अक्षर रंगवलं होतं. आपल्या खुंट्यांची अक्षरं लिहून आणायची. परीक्षा घेणाऱ्या उस्तादांनी निघतानाच बजावलं होतं की खुंट्या बऱ्याच आहेत, सगळ्या तुमच्या नाहीत, आणि काही मुद्दाम तुमच्या वाटेला लागून रोवल्या आहेत. उशीर झाला तर मिनिटाला पाच गुण जाणार होते. खुंटी चुकली तर परीक्षाच जाणार होती.

पहिल्या दोन खुंट्या सरळ हाताला लागल्या. तिसरी, शेवटची, रस्त्याखालच्या मोरीपासून दोनशे चौदा अंशांवर, सहाशे वीस मीटर. जिराफ होकायंत्र डोळ्याशी धरून समोरचं एक झाड हेरायचा, त्या झाडापर्यंत तिघं जायची, मग पुढचं झाड. वाटेत आगीला अडवायला सोडलेला मोकळा पट्टा लागला. नकाशाप्रमाणे तो दोनशे चाळीसवर होता, मुंगीच्या मोजणीप्रमाणे दोनशे अडतीसवर. ताईने अंगठा वर केला. वेळ हाताशी भरपूर होता. पहिल्या येणाऱ्या त्रिकुटाला दोन दिवसांची सुट्टी होती, आणि जिराफने तर तिकीटसुद्धा काढून ठेवलं होतं.

चौथा खडा डावीकडे गेला. त्यानंतर थोड्या वेळाने जिराफने मागे न बघताच विचारलं, "मुंगे, वेळ किती उरलाय गं?"

"एकतीस मिनिटं," ती म्हणाली. डावा पाय टेकला. बत्तीस. तेहतीस. चौतीस.

साठाच्या पुढे गेल्यावर तिच्या ध्यानात आलं. एकतीस ही मिनिटं होती. मग पावलं किती झाली होती? तिने आठवून पाहिलं. एक आडवं पडलेलं खोड आठवलं, त्या वेळी ती पंधरा-सोळावर होती. त्यानंतर जिराफने विचारेपर्यंत पाच पावलं झाली की पन्नास, काही केल्या हाती लागेना. तीस-चाळीस मीटरचा घोळ झाला होता आणि तो पुढचा की मागचा, तेही कळायला मार्ग नव्हता.

बहात्तर झाल्यावर हात सवयीने खिशात गेला आणि पाचवा खडा डावीकडे आला. तो शंभर मीटरांचा नव्हता, हे फक्त तिला आणि खड्याला माहीत होतं.

"ती बघ," जिराफ म्हणाला. डाव्या अंगाला पाच-सहा पावलांवर पांढरी खुंटी होती. अक्षर 'ठ'.

ताई गुडघ्यावर बसली, कागद मांडीवर घेतला, पेनचं टोपण काढलं. लिहिण्याआधी विचारायचा प्रश्न तिने रोजच्या आवाजात विचारला, "मोजणी?"

पाच खडे आणि पासष्ट पावलं, म्हणजे पाचशे नव्वद. सहाशे पंधरा म्हटलं असतं तरी कोणी खडे तपासणार नव्हतं.

"माझी मोजणी गेली, ताई. चौथ्या खड्यानंतर. याला वेळ सांगितली आणि पुढे मिनिटंच मोजत गेले."

जिराफ वळला. "अगं, खुंटी समोर उभी आहे. तिला कशाला हवीय तुझी मोजणी?"

"ही आपली असेल, नाहीतर दुसऱ्या कुणाची असेल. मला सांगता येणार नाही."

तेव्हाच का नाही बोललीस, असं ताईने विचारलं. घाबरले, असं मुंगीने सांगितलं. जिराफचं म्हणणं पडलं की घाबरायचंच होतं तर आणखी पंधरा मिनिटं घाबरायचं होतं, तोवर आपण पोचलो असतो. तो बोलला त्यात अगदीच चूक होतं असं मुंगीला वाटलं नाही.

ताईने नकाशावर बोट ठेवलं. जिथे आपण नक्की होतो अशी शेवटची जागा म्हणजे तो मोकळा पट्टा. तिथपर्यंत उलट, चौतीस अंशांनी, आणि तिथून पुन्हा मोजत तीनशे ऐंशी मीटर. तिने मनातल्या मनात हिशोब केला आणि सांगितलं की नंतर धावलो तरी दोन-तीन मिनिटं उशीर होणार. मग तिने पेनला टोपण लावलं. जिराफने होकायंत्र फिरवलं.

पट्ट्यापासून पुन्हा निघाल्यावर मुंगी मोठ्याने मोजत होती. एकदा एक फांदी सपकन जिराफच्या कानावर बसली, तेव्हा त्याने तोंड उघडलं, मुंगीकडे पाहिलं आणि मिटलं. तीनशे तीसच्या सुमाराला उजवीकडे एक खुंटी दिसली, 'म' अक्षराची. मघाशी ती तिघांच्याही नजरेतून सुटली होती. जिराफने भुवया उंचावून विचारलं. मुंगीने मोजता मोजताच मान हलवली. नाही.

तीन खडे आणि एकोणसाठ पावलं झाली आणि ती थांबली. डाव्या अंगाला 'ठ' होतं.

जिराफ खुंटीपुढे वाकला. "नमस्कार. ओळखलंत ना?" तो खुंटीला म्हणाला. ताईला हसू आलं. मुंगीला काही हसता येईना. ताईने अक्षर लिहिलं, खाली झालेल्या घोळाच्या दोन ओळी खरडल्या आणि तिघं धावत सुटली.

दोन मिनिटं उशीर झाला. उस्ताद झाडाखाली घडीचं टेबल टाकून बसले होते. त्यांनी तिन्ही अक्षरं पाहिली, मग ताईच्या दोन ओळी वाचल्या, मग पुन्हा वाचल्या.

"अक्षर बरोबर आहे," ते म्हणाले. "पहिल्या वेळीच लिहून आणलं असतं तर सुट्टी तुमची होती."

मुंगी बोलायला गेली, पण जिराफ आधी बोलला. "पहिल्या वेळी ती नुसती दिसली होती, उस्ताद. सापडली नव्हती." तो हे टेबलाकडे बघत म्हणाला, आणि त्याचा चेहरा अजून सुट्टी गेलेल्या माणसाचाच होता.

उस्तादांनी मिळालेल्या शहात्तर गुणांतून उशिराचे दहा कापले. मग मोजणाऱ्याच्या मनगटावर घड्याळ कोणी बांधलं, असं विचारलं. मी, असं ताईने सांगितलं. त्याचे आणखी दोन गेले. राहिले चौसष्ट. पास व्हायला साठ लागत.

"सह्या करा तिघं," म्हणत त्यांनी कागद फिरवला.

ताईने केली, जिराफने केली. मुंगीने इतक्या घाईने केली की कागदावर नुसतं जाळं उमटलं. उस्तादांनी ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, यात नाव वाचता येत नाही म्हणाले, आणि पेन पुन्हा तिच्यापुढे धरलं. तिने जाळ्याखाली, एकेक अक्षर सुटं काढत, नाव लिहिलं.